कृष्णविवराचा फ्लेक्स

लातूर, ६ जानेवारी २०२५

ती. आजीस बुद्धप्रियाचा सविनय जय भीम.

फोनवर मी नुसती हं हं करते म्हणतेस, म्हणून कागद घेतला. माझा शोधनिबंध परदेशी मासिकानं स्वीकारला. लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू इतका तापतो की क्ष-किरण निघतात. त्यांचा उजेड काही तासांत वाढतो, मग धाडकन उतरतो. उतार जितका झटपट, तितकी ती जागा लहान. म्हणजे माझा सगळा शोध त्या उतारांतच आहे.

संस्थाध्यक्ष व्यंकटराव माझ्या सत्काराच्या फ्लेक्सवर या उजेडाचा आलेख छापताहेत. पण म्हणतात, आपल्या संस्थेची रेघ खाली जात नसते, उतार काढा, निबंधातूनसुद्धा. माझी नेमणूक वर्षावर्षाची, मार्चची सही त्यांचीच. खोटं लिहवत नाही, नोकरी सोडवत नाही. काय करू?

लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठव.
तुझी बुद्धप्रिया

हदगाव, १० जानेवारी

चि. बुद्धप्रियेला पारूआजीचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद.

साक्षरतेच्या वर्गातलं अक्षर हाय, हसू नको. लई आनंद झाला. आमच्या पोरीनं आभाळात खड्डा हुडकला म्हणून गल्लीभर सांगून राहिले. शेजारची शिवगंगा म्हणली, नांदेडच्या रस्त्यावरचे बी हुडकायला सांगा. मी म्हणलं, ते हुडकावे लागत न्हाईत, आपसूक गावतात. तुरीच्या शेंगा कंडक्टरच्या हाती धाडल्यात, उकडून खा.

आता तुझ्या साहेबाचं. त्याला शास्त्र सांगू नको, वाया जातं. आमच्या चौकात फ्लेक्स लागला, तवा कुणाचा फोटो वर यावरून दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले. तू येवढंच इचार, की रेघ उतरती तिथं जागा रिकामी होती. उतार काढला तर साहेबांचा फोटो कुठं बसवायचा?

मायेत कमी करू नको.
तुझी पारूआजी

लातूर, १७ जानेवारी

ती. आजीस सविनय जय भीम.

विचारलं. साहेबांनी आलेखातल्या उतारावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, उतार आणखी रुंद करता येईल का? आहे तेवढाच आहे, म्हटलं. निबंध जसाच्या तसा छापायला गेला. पंचवीसला सत्कार आहे, नक्की ये.

शेंगांसकट तुझीच,
बुद्धप्रिया

हदगाव, २८ जानेवारी

चि. बुद्धप्रियेला आजीचे आणखी आशीर्वाद.

सुखरूप पोचले. फ्लेक्स डोळ्यांपुढून हलंना बाई! मोठ्या उतारात व्यंकटराव हात जोडून, बारक्या उतारात उपाध्यक्ष बसलिंगप्पा गॉगल लावून. तू कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटायेवढी. खजिनदार शंकरप्पाला उतारच मिळाला न्हाई, तर फुगून जेवला न्हाई.

निघताना व्यंकटराव माझ्या पाया पडले. म्हणले, मार्चची सही झाली समजा. पण पोरीला सांगा, पुढच्या टायमाला जास्त उतारांची दीर्घिका बघ, कार्यकारिणी मोठी हाय. मी तुझ्या वतीनं हाव म्हणून टाकलं. तवा लाग कामाला. आन् एक उतार मला बी ठेव. माझा फोटो लई जुना हाय, नवा काढून ठेवते.

अशीच जीव लावून ऱ्हा.
तुझी पारूआजी