सात नंबरचं झाकण

आई, गेल्या रविवारी मुरब्याला आपल्या घरी गेले होते. तुझ्या धाकट्याने जाळ्यात आलेलं एक प्लॅस्टिकचं झाकण माझ्या हातात ठेवलं, आणि मी त्याच्याशी खोटं बोलले. तेच तुला सांगायचं आहे. पण आधी माझं काम सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा मी पालघरला डिप्लोमा करत होते, आणि पुढे कपांची झाकणं आखणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

हो, झाकणं. लोक आता दुकानातून कागदी कपात चहा-कॉफी घेतात आणि चालता चालता पितात. तू बशीत ओतून प्यायचीस, तुला हे पटलं नसतं. त्या कपावर पातळ झाकण बसतं. आमच्या तारापूरच्या कारखान्यात प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करतात, साच्यावर ओढून घेतात, आणि एका दाबात बारा झाकणं तयार होतात. साचा कसा असावा ते मी ठरवते. यात ठरवायचं काय, असं सगळ्यांना वाटतं. पण पिण्याच्या भोकाशिवाय टाचणीच्या टोकाएवढं दुसरं भोक लागतं, हवा आत जायला. नाहीतर चहा अडखळत येतो. आणि कडेला आतून एक खाच असते, ती कपाच्या काठावर टक् करून बसते. ती केसभर सैल झाली तर चहा अंगावर, केसभर घट्ट झाली तर झाकण काढताना कप चेपतो आणि चहा पुन्हा अंगावरच. त्या एका खाचेत माझे तीन महिने गेले.

तेव्हा मला तुझे बोंबील आठवायचे. मी शाळेतून येते, तू बोंबील वाळवायच्या मांडवाखाली उभी आहेस. टोपलीतले दोन बोंबील उचलतेस, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतेस आणि जोडी दोरीवर टाकतेस. शेजारणीशी बोलत, हाताकडे न बघता. मी लावलेल्या जोड्या वाऱ्याने वाळूत पडतात, नाहीतर जबडा फाटतो. "खेचतंस कशाला?" तू ओरडतेस. "त्याला दात हायत ना, ते धरतील. तू लाव आनि सोड. एवढी शाळा शिकलीस, बोंबील पन ऐकत नाय तुझं!" शेजारीण हसते. मी रडत नाही, पण त्या दिवशी पुन्हा बोंबलाला हात लावत नाही.

शेवटी मी ती अखंड खाच काढून टाकली आणि तिच्या जागी थोड्या थोड्या अंतरावर बारीक दाते ठेवले. झाकण बसायला लागलं. हे कुठून सुचलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "असंच." साच्यातल्या प्रत्येक खान्याला नंबर असतो, तो झाकणाच्या आतल्या बाजूला उमटतो. सातव्या खान्यात कानस मारताना माझा हात घसरला होता. त्यामुळे त्या झाकणांवर सातच्या शेजारी एक बारीक तिरपी रेघ येते.

रविवारी धाकटा ओट्यावर जाळं साफ करत होता. "बाय, बघ गं, म्हावरं नाय गावलं, पन च्याची सोय झाली."

"साखर संपलीय," भावजय आतून ओरडली.

मग तो हसायचा थांबला. "डोलीच्या जाळ्यात हेच भरून येतं आता. म्हावऱ्यापेक्षा हाच कचरा निवडत बसतो आमी. तुमच्याकडं बनतात काय गं ही?"

मी झाकण उलटं केलं. सात. शेजारी रेघ.

"आमची नायत," मी म्हटलं.

"तू सांगतंस म्हंजे नसतील," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. "मी टाकून देते," असं सांगून मी ते पिशवीत घातलं.

टाकलं नाही. सरावलीला घरी आल्यावर धुतलं. पिवळट पडलं होतं, कडेला वाळूचे ओरखडे होते. ते कुणाच्या हातातून सुटलं असेल? मुंबईच्या की बोईसरच्या नाल्यातून आलं असेल? किती दिवस पाण्यात असेल, आणि इतक्या लाटा खाऊन वाकलं कसं नाही? मी घरातला एक कागदी कप भरला, झाकण लावलं, भोकांवर बोटं ठेवली आणि मोरीत उलटा धरला. कडेतून एक थेंब पडला नाही. आई, मला आनंद झाला. धाकट्याची आठवण त्यानंतर आली.

परवा मी पुन्हा मुरब्याला जाणार आहे. झाकण पुन्हा पिशवीत ठेवलं आहे. हे सगळं खरं तर त्याला सांगायचं आहे. तुला लिहिते आहे, कारण आता पुढे काय करणार, हे तू विचारणार नाहीस. तो विचारेल.