मागच्या सीटखालचं भोक

प्रिय इंद्रभान,

जुन्या गाडीवर संसार आणि चळवळ दोन्ही ओढणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्यांची एक तक्रार सारखीच आहे. नव्या गाडीवाल्याला गॅरेजमध्ये खुर्ची पुसून मिळते, चहा मिळतो. आपल्याला बघितल्याबरोबर ऐकवतात, भंगारात काढा. जणू गाडी जुनी होणं हा आपला गुन्हा आणि ती दुरुस्त करून वापरणं ही आपली हौस. या विषयावर मी तासभर बोलू शकतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण आज विषय वेगळा आहे. दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय. फोन केला असता, पण सहा वर्षांपूर्वी तू माझा नंबर बंद केलास तो अजून बंदच आहे. एवढंच मागतो, की न वाचता फाडू नकोस.

आपली निळी व्हॅन अजून आहे. खामगावच्या त्या डॉक्टरांकडून आपण दोघांनी आणली ती, तिसऱ्या हाताची. पुढच्या महिन्यात तिचं पासिंग आहे, आणि खालचा पत्रा असा झालाय की तपासणाऱ्याने नुसता बूट टेकवला तरी परत पाठवेल. दोन गॅरेजवाल्यांनी पूर्ण फ्लोअर बदलायचा आकडा सांगितला. विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरला तो आकडा ऐकूनच घाम फुटतो. शेवटी चिखली रोडवरच्या रंगरावकडे गेलो. साठीचा माणूस, जन्मभर पत्र्याचं काम केलेला, तोंडाने फटकळ. त्याने गाडीखाली बॅटरी मारली, बाहेर आला आणि म्हणाला, "सर, सडला तेवढाच पत्रा कापू, कपाटाचा पत्रा वेल्डिंग करू, वरून लाल प्रायमर अन् खालून डांबर मारू. घासाचं काम तुम्ही सोता करा, मजुरी वाचते. भाषण नाई देता येनार, तोंडात गंज जाते." तेव्हापासून रोज सकाळी मी नाकाला रुमाल बांधून तारेचा ब्रश घासतोय.

पहिल्याच दिवशी त्याने दाराखालचा रंग खरवडून दाखवला. तुला आठवतं ना, दर एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीआधी आपण गाडीला निळा हात मारायचो. गंजाचे फोड दिसले की त्यावर लांबीची पुट्टी भरायची, वरून निळा रंग, आणि गाडी पुन्हा नव्यासारखी. तू म्हणायचास, आधी घासू, मग मारू. मी म्हणायचो, वेळ नाही, उद्या मिरवणूक आहे. प्रत्येक वर्षी उद्या मिरवणूकच असायची. रंगरावने पटाशी घातली तर बोटभर जाडीचा थर निघाला, निळ्यावर निळा, निळ्यावर निळा, आणि त्याखाली पत्रा नव्हताच. "गाडी पत्र्यावर नाई, रंगावर उभी हाय सर," तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मला हसू आलं नाही. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की झाकून ठेवलेला रोग माणसाला आतून खातो.

मागच्या सीटखाली तर याहून वाईट होतं. तिथे आपली माइकची बॅटरी असायची, डाव्या कोपऱ्यात. घाटात गाडी हेलकावली की तिचं पाणी सांडायचं. तू किती वेळा सांगितलंस ते आता एकेक आठवतंय. "सर, बॅटरीचं पानी पत्रा खाऊन राह्यलं. खाली एक प्लास्टिकचं टप ठेवू. भोक पडलं हाय, पाय जाईन कोनाचा." एका टपाचा प्रश्न होता, इंद्रभान. आणि मी काय केलं? मेहकरच्या सभेत तुझं बोलणं दाखला म्हणून वापरलं. म्हणालो, आमचे सारथी म्हणतात पत्रा गंजला. अरे बाबा, इथे माणसांची मनं गंजलीत, तू पत्र्याचं काय घेऊन बसलास! सभा हसली. टाळ्या पडल्या. तू स्टेजच्या बाजूला वायर गुंडाळत होतास, तूही हसलास. मला तेव्हा वाटलं होतं, तुलाही दाखला आवडला.

डोणगावच्या शाळेत तू मला "काय बे परश्या" म्हणून हाक मारायचास. माइक माझ्या हातात आला आणि कधी तरी तू मला सर म्हणायला लागलास. मी तुला थांबवलं नाही. गोड वाटलं असणार. आणि सरांना एकदा गाडीवान मिळाला की मित्राचं बोलणं गाडीवानाची कुरकुर होऊन जाते.

आता सोनाळ्याबद्दल लिहायलाच हवं. अभ्यासिकेसाठीची ती सभा. सत्यभामाबाई उठल्या, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेली बाई, आणि लुगड्याच्या काठाच्या तुकड्यात बांधलेलं त्यांचं सोन्याचं डोरलं त्यांनी स्टेजवर ठेवलं. घरचे मालक गेल्यापासून गळ्यात घातलं नव्हतं, पोरं शिकतील तर तेच घातल्यासारखं आहे, असं म्हणाल्या. मी ते सगळ्यांसमोर तुझ्या हातात दिलं. व्हॅनमध्ये आठ माणसं कोंबलेली होती, म्हणून तू मॅटिंगचा सुटा कोपरा उचलून पुरचुंडी भोकापासून वीतभर लांब, बॅटरीमागे खाली सरकवलीस. नांदुरा, मोताळा, मग राजूरचा घाट. बुलढाण्याला उतरून पाहिलं तर पुरचुंडी नव्हती. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू एवढंच म्हणत होतास, "सर, हितंच ठेवलं होतं. मॅटिंग पुरी काढून पाहू, खाली भोक हाय." आणि मी म्हणालो, परवाच सोल्युशन लावून चिकटवलेली मॅटिंग आहे, उद्या सकाळी याच गाडीतून नागपूरचे पाहुणे न्यायचेत, आता फाडाफाडी नको. आठ माणसांच्या देखत तू स्वतःचे खिसे उलटे करून दाखवलेस. कुणी मागितलं नव्हतं. मी नको म्हटलंही नाही.

पुढच्या आठवड्यात डोणगावला, तुझ्याच गावात, मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण टाळ्या त्यावरच जास्त पडल्या होत्या. चळवळीला बाहेरचा चोर मारत नाही, स्टेअरिंगवर बसलेला मारतो. नाव घेतलं नाही, हा माझा साळसूदपणा. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. अन्नपूर्णावहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या नाहीत, सभा संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. तू गाडीची किल्ली खिळ्याला अडकवलीस आणि चालत गेलास. ऐकलं की मेहकरला दुसऱ्याचा टेम्पो चालवतोस, आणि वहिनींनी विहारात जाणं सोडलं.

गेल्या गुरुवारी रंगराव मागच्या दाराच्या उंबऱ्याचं काम करत होता. त्या उंबऱ्याखाली पत्र्याची एक लांब पोकळ पेटी असते, तुला सांगायला नको. सीटखालचं भोक थेट त्या पेटीत उघडत होतं. माझी मूठ आत जाईल एवढं. रंगरावने बाहेरून पेटीचा पत्रा कापला, वाकवला, आतला गंज भुगा होऊन खाली सांडला. मग तो थांबला. म्हणाला, "सर, हे काय हाय?"

मी वाकून पाहिलं. तपकिरी चिंधी होती. गंजात भिजून, वाळून पत्र्याला चिकटलेली, पत्र्याच्याच रंगाची. पण काठ ओळखू येत होता. आणि चिंधी जिथे कुजून फाटली होती तिथून पिवळं दिसत होतं.

इंद्रभान, मी खाली बसलो. गॅरेजच्या ऑइलमध्ये, पांढऱ्या लेंग्यानिशी. रंगरावने विचारलं, "काढू का सर?" त्याने पक्कड पुढे केली तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, "सोनं हाय सर, काऊन थांबवता?" दुपारपर्यंत मी त्या भोकासमोर बसून होतो. पावणेदोन किलोमीटरवर माझं घर आहे, तिथे कसा पोचलो ते आठवत नाही. तुझी महामायावहिनी पोळ्या लाटत होती. मी सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. ती म्हणाली, "सहा वर्षं. आपण त्याच सीटवर बसून फिरत होतो." त्यापुढे ती माझ्याशी बोललेली नाही, आणि मी तिला बोल म्हणू शकत नाही. आपल्या बुडाखाली तुझा निर्दोषपणा होता, आणि वर बसून मी न्यायावर भाषणं देत फिरलो. अजूनही खरं वाटत नाही. सकाळी उठून पुन्हा गॅरेजला जातो, वाकतो, पाहतो. तिथेच आहे.

काल सोनाळ्याला जाऊन आलो, एसटीने. सत्यभामाबाई आता काठी घेऊन चालतात. ऐकून त्या दचकल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. म्हणाल्या, "मले तवाच मालूम होतं. त्यानं नाई घेतलं. तुमाले सांगतलं असतं, पन तुमी माइक सोडाल तवा ना." रविवारी त्या येणार आहेत.

हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायची तर ती डोणगावला, त्याच स्टेजवरून, नाव घेऊन मागेन. ती तारीख तू ठरव. हे पत्र दुसऱ्या कामासाठी आहे. ते डोरलं मी काढलेलं नाही. मी काढून आणलं तर लोक म्हणतील, मास्तरला पस्तावा झाला, नवं करून आणलं आणि मित्राची लाज झाकली. झाकायची माझी सवय सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. पण गंजाने पत्र्याला चिकटलेली ती चिंधी कुणाला नव्याने करता येणार नाही. म्हणून रंगरावला काम बंद ठेवायला सांगितलंय. पासिंगची तारीख हुकली तर हुको. डोणगावच्या त्या सभेतल्या ज्यांची नावं आठवली त्या प्रत्येकाला बोलावलंय, व्हॅनमधल्या आठही जणांना बोलावलंय. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, चिखली रोड, रंगरावचं गॅरेज. अन्नपूर्णावहिनींना घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे पाहूही नकोस. सगळ्यांच्या समोर त्या भोकात हात घाल, आणि सत्यभामाबाईंचं डोरलं तुझ्या हाताने बाहेर काढ.

तुझाच,
परश्या