किचनमध्ये पडलेली कवळी

माननीय आणि (निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी) लाडके जावईबापू यांना सासूबाईंचे मनापासून आशीर्वाद.

मी इकडे ठणठणीत आहे. तुमची पाठ कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं म्हणजे पाठीचे हाल होणारच, पण दातांच्या डॉक्टरला सरळ उभं राहून दात बघा असं तरी कसं सांगणार! आमच्या कन्येचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, वाफ घे आणि पंख्याखाली झोपू नकोस. तुमचे वडील, म्हणजे आमचे व्याही, कसे आहेत हे मी विचारत नाही. ते चिडलेले आहेत हे मला माहीत आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे तेही त्यांच्यामुळेच. तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि स्पीकरसमोर सोफ्यावर व्याही.

त्यांची बाजू तुम्ही रोज जेवताना ऐकत असालच. आता माझी ऐका. आमच्या विभागीय पिकलबॉल (तेच ते, फळीने खेळायचं छोटं टेनिस) संघटनेचे ते स्थापनेपासून अध्यक्ष आहेत, कारण सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि किल्लीविरुद्ध निवडणूक लढवायला कोणी तयार नसतं. कोर्ट दोनच आणि खेळायला अख्खं गाव उत्सुक, म्हणून त्यांनी नियम केला की नव्या माणसाला सभासद व्हायचं असेल तर आधी कार्यकारिणीतल्या कोणाला तरी हरवून दाखवायचं. हरवायचं कोणाला, ते ठरवणार कार्यकारिणी. अर्थात दर वेळी व्याहीच उभे राहतात, आणि नवीन सभासद येणंच बंद झालं आहे. (खोटं कशाला बोलू, व्याही खेळतात झकास. त्यांचा उलट्या हाताचा फटका बघताना मी दोनदा गुण पुकारायला विसरले आहे.)

आता आमच्या त्या नर्सबाई. ड्यूटी संपली की थेट मैदानावर येतात, आणि सभासद नसल्यामुळे सामानाच्या खोलीमागच्या भिंतीवर एकट्या चेंडू मारत बसतात. भिंतीचा रंग उडाला, पण यांचा अर्ज काही पुढे सरकला नाही. कधी विचाराधीन, कधी पुनर्विचाराधीन. मी एकदा म्हटलं, अहो, दुसरा एखादा छंद बघा ना. त्या म्हणाल्या, दिवसभर मी म्हणेन ते लोक ऐकतात कारण ते आजारी असतात. इथे कोणीतरी धडधाकट माणूस माझ्यासमोर उभा राहून मला हरवायला बघतो, तेवढंच मला पाहिजे. मला ते फार आवडलं. पुढच्या बैठकीत मी त्यांच्या चाचणीचा विषय लावून धरला आणि तारीख घेऊनच उठले.

पंच मी. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून माझी सारी नोकरी गेली. फाटक बंद झाल्यावर कोण कुठल्या भिंतीवरून आत येतं ते पाहण्यात ज्या डोळ्यांची हयात गेली, त्यांना पांढरी रेघ दिसणार नाही होय? (मुली माझ्यामागे मला शिट्टी म्हणायच्या. मला सगळं कळायचं.) तर सामना जबरदस्त झाला. नर्सबाई पळून पळून लाल झाल्या, व्याही न पळता लाल झाले. शेवटी नर्सबाईंना जिंकायला एक गुण हवा आणि सर्व्हिसही त्यांचीच, अशी वेळ आली.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, कारण तुम्ही कधी खेळायला येत नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू वरच्यावर मारायचा नाही. एवढंच नव्हे, बाहेरून मारला आणि त्या झोकात तुमचा पाय किंवा अंगावरची कुठलीही वस्तू, टोपी म्हणा, चष्मा म्हणा, त्या पट्ट्यात पडली, तरी फॉल्ट. मग चेंडू केव्हाच निकालात निघालेला का असेना.

व्याह्यांनी चेंडू वरच्यावर असा हाणला की नर्सबाई जागच्या हलल्याही नाहीत. पाय रेघेच्या बाहेर, अगदी आदर्श. पण जिंकणारा फटका मारताना आरोळी ठोकायची त्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी "घे!" म्हणून आरोळी ठोकली, आणि आरोळीबरोबर तुम्ही बनवलेली वरची कवळी बाहेर आली, एक टप्पा घेतला आणि किचनच्या बरोबर मध्यभागी जाऊन बसली. लोक टाळ्या वाजवत होते. मी शिट्टी वाजवली. फॉल्ट, गुण नर्सबाईंचा, सामना नर्सबाईंचा. मग खुर्चीवरून उतरले, रुमालात कवळी उचलली आणि दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरली. व्याह्यांचा मान मी कधी कमी केलेला नाही.

त्यानंतर जो गोंधळ झाला तो काय सांगू! व्याही तोंडावर हात धरून पुष्कळ बोलले, त्यातलं एक अक्षर कोणाला कळलं नाही, तरी कार्यकारिणीने एकमताने पाठिंबा दिला. चिटणीस (त्यांना आम्ही परिपत्रक म्हणतो, कारण ते शिंकले तरी कागद काढतात) म्हणाले की कवळी ही वस्तू नसून शरीराचा भाग आहे. मी म्हटलं, बरं, मग अध्यक्षांचं शरीर किचनमध्ये पडलं, फॉल्ट. मग म्हणाले, नाही नाही, वस्तूच आहे. मग अंगावरची वस्तू पडली, फॉल्ट. मग म्हणाले, ती फटक्यामुळे नाही, ओरडण्यामुळे पडली. म्हटलं, ओरडले कशासाठी, भाजी महाग झाली म्हणून? शेवटी त्यांनी अहवालात काय लिहावं? "किचनमध्ये एक अज्ञात पांढरी वस्तू आढळली." अज्ञात! ज्या वस्तूने अध्यक्षांनी गेल्या वार्षिक सभेत तासभर भाषण केलं, ती अज्ञात!

आणि आता पंचांच्या दर्जाबाबत नवीन परिपत्रक आलं आहे. पंचाची नजर तपासलेली हवी (तपासून घेतली, उत्तम आहे), पंच खेळाडूचा नातेवाईक नसावा, आणि पंचाने "प्रसंगाचं भान" ठेवावं. म्हणजे मी गुण व्याह्यांना दिला असता तर प्रसंगाचं भान, आणि दिला नाही म्हणून तुमच्या लग्नातल्या जुन्या रुसव्याफुगव्यांचा सूड! चिटणीसांनी मला हेही ऐकवलं की बाई, तुम्ही स्वतः चाचणी न देता, अध्यक्षांच्या विहीणबाई म्हणून सभासद झालात. झाले ना! म्हणून तर मला कळतं की दार कसं उघडतं आणि कोणासाठी उघडत नाही.

रविवारी सभा आहे. निकाल चुकला, अशा माफीचा मजकूर त्यांनीच टाइप करून पाठवला आहे, मी फक्त सही करायची. सही केली तर शिट्टी माझ्याकडे राहील आणि नर्सबाईंचा अर्ज फेटाळला जाईल. नाही केली तर शिट्टीही जाईल आणि बहुतेक सभासदत्वही. काल कन्येचा बाहेरून फोन आला, एकदा सॉरी म्हणून टाक ना आई, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. तुमच्या घराला माझ्यामुळे त्रास व्हावा असं मला कधीच वाटणार नाही. पण नर्सबाई अजून त्या भिंतीपाशीच आहेत. सामना जिंकून भिंतीपाशी! रोज जाताना मला नमस्कार करतात. मी सही करणार नाही. व्याह्यांना सांगा, कन्येला सांगा, हवं तर दवाखान्याच्या दारावर लिहा.

असो. पाठीला जपा.

नियमाला धरून चालणारी,
तुमची सासूबाई

ता. क. व्याही तुमच्याकडे दाखला मागणार आहेत म्हणे, की त्यांची कवळी इतकी घट्ट आहे की ती पडूच शकत नाही. आणि तीच कवळी घट्ट करायला तुमच्याच दवाखान्यात पडून आहे, असं कन्या म्हणाली. पडूच शकत नाही तर घट्ट करायला का दिली, एवढं मला कोणीतरी सांगा. तुम्ही खरं काय ते लिहा. माप जरासं चुकलं, असं लिहिलंत तरी तुमच्याकडे येणारे लोक काही कमी होणार नाहीत.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. ती कवळी रविवारपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या. रसायन संपलं म्हणा, मशीन बिघडलं म्हणा. कवळीशिवाय व्याही चार माणसांत तोंड उघडणार नाहीत, ते नसले की परिपत्रकांना काही सुचणार नाही, आणि नर्सबाई सभासद होऊन जातील. यासाठीच एवढं लांबलचक पत्र लिहिलं. यात नियमाविरुद्ध काही नाही, मी पुस्तक बघितलं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. वरचा ता. क. खोडलेला समजा. रेक्टर असताना मी असल्या युक्त्या पकडत आले आणि आता स्वतःच भिंतीवरून उडी मारायला निघाले! रविवारच्या आत व्याह्यांना त्यांची कवळी द्या. ती घालून त्यांनी खुशाल मला फाडून खावं, मी समोरच बसणार आहे. फक्त नीट घट्ट बसवा जावईबापू, तुम्हाला शपथ आहे. कारण शिट्टी काढून घेतली तर मी तोंडाने वाजवीन, आणि पुन्हा किचनमध्ये पडली तर पुन्हा फॉल्टच देईन.