ओव्या वगळून

३ जानेवारी १९४६, जळगाव
सकाळी उगाच पारोळ्याचं अंगण आठवलं. तळाला भोक पाडलेलं मडकं ओसरीच्या वाशाला टांगलेलं, त्यात केळीच्या खांबांची राख, वरून पाणी. खाली परातीत पापडाचा खार ठिबकतोय. आई उडदाचं पीठ कुटता कुटता ओवी म्हणतेय. मी आणि अण्णा खारात बोट बुडवून चाटायचो, तोंडं वाकडी करायचो, पुन्हा चाटायचो. आई ओरडायची, "बठ्ठा खार तुम्हीच चाटी टाका, पापडले काय शे मंग?"
आता धाकटा अण्णा कॉलेजात रसायन शिकवतो, मी इंग्रजी. तेच मडकं माझ्या पडवीत आहे.

८ जाने.
दोघांच्या सहीचा एकच अर्ज युनिव्हर्सिटीकडे रवाना. गावोगावचा खार अण्णा तपासणार, तिथल्याच ओव्या मी उतरवून घेणार. कोणती केळ कापावी, किती वाळवावी, राखेत आणखी काय घालावं, सगळं ओवीत असतं. नशिराबादची ओवी पिंपळनेरला नाही. ओवी बदलते तसा खारही बदलतो का? एवढाच प्रश्न. एकट्याला सुटणारा नाही.

२९ जाने.
विचारणा आली: अर्ज नक्की कोणत्या विभागाचा? म्हणजे वाचलाच नाही.
कॉन्व्हेंटात भूगोलाच्या वहीत कविता उतरवली म्हणून सिस्टरने मला बाकावर उभं केलं होतं. "एका वहीत एकच विषय." पण त्या माउलीने कविता शेवटपर्यंत वाचली, मग शिक्षा केली. हे विद्वान तेवढेही कष्ट घेत नाहीत.

१७ फेब्रु.
कमिटीचे एक प्राध्यापक मुंबईहून पाहणीला आले. प्रयोगशाळेत फिरले, टाय आवरत. ओव्यांचे कागद बोटाच्या टोकाने उलटले, ओले असल्यासारखे. घरी चहाबरोबर पापड ठेवले. थाळी रिकामी करून म्हणाले, "बाई, खरं सांगा, हे संशोधन की स्वयंपाक?"
अण्णा: "साहेब, तुम्ही खाल्लंत ते संशोधन. आमच्यासाठी उरलं असतं तर स्वयंपाक म्हटलं असतं."
ते हसले नाहीत. मी आत जाऊन पोट धरून हसले.

२३ मार्च
निकाल. शास्त्राची कमिटी: खार मंजूर, "मनोरंजनाचा भाग" वगळावा, अर्ज एकट्या अण्णाच्या नावे पुन्हा करावा. भाषेची कमिटी: खार वगळावा, मात्र खार वगळता जे उरतं ते संशोधन नव्हे, नुसता संग्रह, सबब नामंजूर.
अण्णा म्हणाला, "अक्का, धोतर मंजूर झालं. कासोट्यासाठी दुसऱ्या खात्याकडे जायचं."
मनोरंजन! आईचे तळवे खाराने सोलवटायचे, तेव्हा ती आमचं मनोरंजन करत होती. त्या कमिटीत कुणाला आई नसावी. असली तर मुकी.

२ एप्रिल
अण्णा दोनदा येऊन गेला. नव्या अर्जाचा विषय नाही. दुसऱ्यांदा उंबऱ्यावर थांबून: "मंजुरी घेतली तर चांगला तराजू येईल गं. किती वर्षं मी सोनाराचा काटा उसना आणतोय."
"मग घे."
"तुझं नाव नसलं तरी काम आपलंच राहील ना?"
"हे मला काय विचारतोस? कमिटीला विचार."
उगाच बोलले. काट्यावर वाकून वाकून त्याची पाठ गेली आहे. पण ओव्या काढून घेतल्या तर बाटल्यांत नुसतं खारट पाणी उरतं, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

१२ एप्रिल
नव्या अर्जावर सही करायची उद्या शेवटची तारीख. अण्णा आला नाही. मीही निरोप धाडला नाही.

१५ एप्रिल
टर्म संपली, वयाच्या नियमाने माझी नोकरीही. कॉलेजातलं कपाट रिकामं करायचं आहे. शिपाई गोंधळू नये म्हणून इथेच ठरवते, उद्या चिठ्ठ्या डकवीन.
खाराच्या बाटल्या, गावांच्या नावांसकट: भाषा विभागाला. टेबलावर ठेवून बघत बसावं.
ओव्यांचे कागद: रसायन विभागाला. गाळून, उकळून काय उरतं ते कमिटीला कळवावं.
शब्दकोश लायब्ररीला. छत्री शिपायाला, तशीही तोच वापरतो.
उरलेले पापड कमिटीला पाठवू नयेत.
पडवीतलं मडकं अण्णाला. सही केली असली तरी.