ओढणीचं टोक

दिघा, १० मार्च १९९६

प्रिय मीनाताई,

कळंबोलीला घरी बसून स्वेटर विणतेस असं कळलं. मार्च महिन्यात आणि स्वेटर? म्हणजे तुझा राग अजून उतरलेला नाही. इकडे कारखान्यात तुझं स्टूल रिकामंच आहे. वामनकाका त्यावर डबा ठेवतात आणि कुणी बसायला गेलं की ओरडतात.

रस्त्यावरचे दिवे अंधार पडताच आपोआप लागतात, ते आपल्या नखाएवढ्या चकत्यांमुळे, हे मी गावी म्हसळ्याला सगळ्यांना ऐकवून आले. तू गरम द्रावण करायचीस, मी चिनीमातीच्या चकत्या धुऊन त्यात सोडायचे, आणि तासाभरात त्यांवर पिवळा थर चढायचा. पहिल्यांदा बघून मी म्हटलं होतं, हळद लागली. लागली खरी, आता टिकली पाहिजे, असं तू म्हणालीस.

दिवाळीनंतर ती टिकेना. चिकटपट्टी लावून ओढली की चकती पांढरीफटक. तीन घाणे वाया गेले. तुमचं माप चुकतंय, असं नंदकुमार साहेब तुला सगळ्यांसमोर म्हणाले. तू एप्रनची घडी घातलीस आणि गेलीस. तुझ्या जागी आलेल्या जाईचेही थर सुटले, तर म्हणे मीनाबाईंनी लिहून ठेवलेलं मापच चुकीचं. मला फार वाईट वाटायचं.

ईदला मी आठ दिवस गावी होते. तेवढे दिवस सगळे घाणे पक्के निघाले. मी परतले आणि पट्टीवर पुन्हा पिवळं. नबीलाचा पायगुण म्हणून सगळे हसले, मीही हसले, आणि हातात काय आहे ते मला दिसलं. धुतलेल्या ओल्या चकत्या द्रावणात सोडण्याआधी भट्टीत वाळवायच्या, तर मी त्या ओढणीच्या टोकाने पुसत होते. पाहुण्यांचं ताट पुसूनच वाढायचं, ही अम्मीची शिकवण. आधीच्या नायलॉनच्या ओढणीने पुसलं जात नसे. ही मऊ सुती, दिवाळीत तूच दिलेली, आणि दिवसभर माझ्या तेल लावलेल्या केसांवर. त्या तेलावर थर कसा धरणार?

ताई, नोकरी जाईल म्हणून दोन दिवस मी गप्प बसले. त्याची लाज वाटते. परवा साहेबांना सगळं सांगितलं. तुझं माप बरोबर होतं, असं ते सगळ्यांसमोर बोलले. माफी मागायला स्वतः येणार होते. आधी मला लिहू द्या म्हटलं, कारण चूक माझी. ये ना परत. मला हवं तेवढं बोल, पण सोमवारी द्रावण तूच कर. ओढणी मी घरी ठेवून येईन.

तुझीच,
नबीला