आईला माहीत नव्हतं

ती. आईस, थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. दुकानात हल्ली दिवसभर उभं राहावं लागत नाही, बसून काम असतं.

खरं सांगायचं तर चष्म्यांच्या काउंटरवरून मला मागच्या गोदामात धाडलंय. मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक आरशात बघायचं सोडून तुझ्या हनुवटीकडे बघतं." केस उपटून उपटून तिथली कातडी काळवंडलीय.

म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाचा विकार. समूळ जात नाही म्हणाल्या, पण गोळ्या, रोजचं चालणं आणि नीट जेवण सांभाळलं तर आटोक्यात राहतं. परवा पाळी आली, तर मला रडूच फुटलं.

त्यांनी विचारलं होतं, "कधीपासून चुकतेय?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"मग आईनं कधी दाखवलं नाही?"

"आईला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

तुला माहीत होतं, आई. "लग्न झालं की होईल सुरळीत," म्हणायचीस, आणि जाडी वाढतेय म्हणून माझ्या ताटातलं कमी करायचीस.

बाबांचा गुडघा कसा आहे?

धाकटीची पाळीही लांबतेय, हे तू पत्राच्या तळाशी सहज आठवल्यासारखं लिहिलंस. तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे ने. तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे. तिला कुणी विचारलं, तर ती तुला पाठीशी घालणार नाही.

तुझीच,
थोरली