अकरा माणसांचं घर

दिल्ली, १० फेब्रुवारी

ती. आत्येस,
हरिणीचा सा. न. वि. वि.

पोंगलला टाकलेलं तुझं पत्र मिळालं. सोबत माझं मागचं पत्र लाल शाईनं तपासून परत धाडलंस, तेही मिळालं. नऊ चुका. तू निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण तुझं लाल पेन काही निवृत्त होत नाही.

बातमी अशी की मला जनगणनेचं काम लागलंय. सकाळी शाळा, दुपारनंतर दारोदार. माझ्या वाट्याला एकच गल्ली आलीय. नकाशावर ती बोटाएवढी दिसते, पण आपल्या राजवाड्यामागच्या साऱ्या गल्ल्यांत मिळून नसतील तेवढी माणसं तिच्यात राहतात. आठ वर्षांपूर्वी मी आले तेव्हा इथे दोन मजल्यांची घरं होती. आता आभाळ बघायला मान मोडावी लागते. मातृभाषेच्या रकान्यात दोनच दिवसांत चौदा भाषा झाल्या. मैथिली, भोजपुरी, बंगाली, उडिया, नेपाळी, गढवाली, एका घरात तेलुगू, आणि दोन भाषांची नावं तर मी पहिल्यांदाच ऐकली. एका म्हातारबाबांनी उलट मलाच माझी भाषा विचारली. तंजावूरची मराठी म्हटल्यावर ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

गल्लीच्या टोकाला एक पाच मजली घर आहे. मालकानं दारातच सांगितलं, घरात अकरा माणसं, सगळी त्याच्याच कुटुंबातली. पण जिन्यात चपलांचे ढीग होते, आणि वर कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. त्यानं सांगितलेल्या अकरांत तान्हं नव्हतं. वर जाऊन बघू का म्हटलं, तर त्यानं जिन्याचं दार ओढून कडी घातली.

तू हे काम केलेलं आहेस. अशा वेळी काय करायचं? २८ तारखेला सगळं द्यायचंय. आमचे हेडसरच या कामावर पर्यवेक्षक आहेत, आणि माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून आहे.

फोनवर हे बोलता येत नाही. मोठ्यानं लावल्याशिवाय तुला ऐकू येत नाही, आणि मोठ्यानं लावला की आईला ऐकू येतं. तिला यातलं काही सांगू नकोस. तिला नमस्कार सांग, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुमची एकुलती एक,
हरिणी


तंजावूर, १५ फेब्रुवारी

चि. हरिणीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रात चुका सहाच. प्रगती आहे.

घरात माणसं किती, हे मालकाला विचारून कळत नाही, पाण्याला विचारून कळतं. तुमच्याकडे नळ पहाटे येतो, असं तूच मागे लिहिलं होतंस. त्या वेळेला जा. बादली घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस पाहुणा नसतो. आणि त्या म्हातारबाबांना सांग, हसू नका. आम्हीही एके काळी कुणाच्या तरी राजधानीत असेच बाडबिस्तरा घेऊन उतरलो होतो. तीनशे वर्षं झाली, तरी परवा ऑटोवाल्यानं माझं बोलणं ऐकून विचारलंच की तुमचं मूळ गाव कुठलं.

आपल्याकडेही मोजणी झाली. मुरलीकृष्ण म्हणून एक तरुण शिक्षक आला होता, तिरुवैयारूचा. मी त्याला गरम कापी प्यायला दिली. वेंकूआजी असती तर दारातूनच परत पाठवलं असतं. तुला आपली आजी आठवायची नाही. तांदूळ मापताना पहिल्या मापाला ती कधी ‘एक’ म्हणाली नाही. ‘लाभ’ म्हणायची आणि मग दोन, तीन. माणसं तर ती मोजूच द्यायची नाही. मोजलेलं कमी होतं, म्हणायची.

एक मात्र घडलं. त्यानं तुझ्या आईला, भुवनाला विचारलं, मुलं किती झाली. सगळ्याच बायकांना विचारतात ते. आजवर हे उत्तर तुझे बाबा देत आले. ते गेल्यापासून ही पहिलीच मोजणी, तेव्हा तिलाच बोलावं लागलं. तिनं हातातला पेला खाली ठेवला. मग ‘एक’ म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती नीट जेवत नाही. मी रसम भात कालवून पुढे ठेवते, ती ताट सरकवते. का ते मला ठाऊक आहे, पण पत्रात लिहायची ती गोष्ट नाही.

जपून राहा. कुणाच्या दारात पाय अडकवून उभी राहू नकोस, तुझा स्वभाव मी ओळखते. लोभ आहेच. तुझं पत्र लवकर आलं तर तो वाढेलही.

तुझी आत्या,
विशालाक्षी


दिल्ली, १९ फेब्रुवारी

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

अडुसष्ट. त्या घरात अडुसष्ट माणसं राहतात.

तू सांगितलंस तशी पहाटे साडेपाचला गेले. गल्लीतल्या नळाला पाणी आलं आणि त्या जिन्यावरून एकेक करत सारी माणसं बादल्या घेऊन उतरली. दर माणसाला मी विचारलं, कितवा मजला, खोलीत किती जणं. मोजणी संपत आली तेवढ्यात मालक आला. तो ओरडला नाही. त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि खिशात घातला. माझी सगळी नोंद त्याच फोनमध्ये असते. मग म्हणाला, परवानगी तीनच मजल्यांची आहे, आकडा वर गेला की चौकशी येणार, आणि ती यायच्या आत तो या सगळ्यांना सामानासकट गल्लीत काढणार. त्याचं पाप म्हणे माझ्या माथ्यावर. एवढं झाल्यावर त्यानं फोन परत दिला, वर नमस्कारही केला.

तेव्हापासून त्याचा एक माणूस मोटरसायकलवरून शाळेपर्यंत माझ्या मागे येतो. काल संध्याकाळी मी भाजी घेऊन आले तर माझ्या खोलीच्या दाराला टेकून उभा होता. मी आत शिरले, कडी लावली आणि दाराला आतून टेबल लावलं.

त्याहून वाईट म्हणजे भाडेकरू त्याच्याच बाजूनं बोलतात. आम्ही इथे राहतच नाही म्हणतात, हातात भरलेली बादली असताना. तिसऱ्या मजल्यावर एक उडिया कुटुंब आहे. त्यांची नावं मला लिहिता येत नाहीत, ती गुप्त ठेवायची असतात. त्यांची सून दहा-बारा दिवसांची बाळंतीण आहे. तिच्या सासूनं माझ्यापुढे हात जोडले. आम्हाला लिहू नका, बाळाला तर नकोच नको. सून बाळाला घेऊन मागे उभी होती.

हेडसर म्हणतात, मालक सांगेल तेवढं लिहून मोकळी हो. आत्या, मला भीती वाटते आणि मलाही तसंच करावंसं वाटायला लागलंय. अकरा लिहिले तर सगळे आपापल्या खोलीत राहतील, मीही राहीन. एका आकड्यानं कुणाचं काय जातं? तू रागावशील, पण उत्तर दे.

काल फोनवर आईचा आवाज बसलेला वाटला. तिची काळजी घे. आणि मी भित्री निघाले तरी लोभ कमी करू नकोस.

एकुलती एक,
हरिणी


तंजावूर, २२ फेब्रुवारी

चि. हरिणीस,
आत्याचे आशीर्वाद.

चुका मोजल्या नाहीत. तू नको म्हणाली होतीस, तरी तुझं पत्र मी भुवनाला वाचून दाखवलं. ‘एका आकड्यानं कुणाचं काय जातं’ या ओळीशी मला पुढे वाचवेना, तेव्हा तिनंच मला विचारलं की पोरीला अजून किती दिवस सांगणार नाहीस. म्हणून लिहिते. बसून वाच.

एक्क्याण्णव साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि आपली गल्ली मोजणीला माझ्याचकडे होती. आपलं घर मी सर्वांत शेवटी घेतलं. त्या वेळी भुवना बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. मुलगा. घरातच झाला होता, म्हणून त्याची दवाखान्यात नोंद नव्हती. रमण म्हणायचं, असं तुझ्या बाबांनी ठरवलं होतं. मी ओटीवर कागद पसरून बसले. आजी शेजारी येऊन बसली आणि तिनं माझं मनगट धरलं. लहानग्याला मोजू नकोस, म्हणाली. पहिलं माप लाभाचं असतं, ते मोजायचं नसतं, तो आपला लाभ म्हणून राहू दे.

मी शिकलेली, नोकरी करणारी. तरी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही. भुवनाच्या नावापुढे मुलं किती या रकान्यात शून्य लिहिलं. ते शून्य या हातानं काढलंय, हरिणी. ती आत बाळाला पाजत होती. मधे फक्त पडदा होता.

दीड महिन्यानं त्याला ताप आला आणि दोन दिवसांत तो गेला. मोजलं नाही म्हणून वाचला नाही आणि मोजलं असतं म्हणूनही वाचला नसता, एवढं मला कळतं. पण त्याचं नाव जगात कुठल्याच कागदावर नाही. एक जागा होती, आणि ती माझ्या हातात होती. पुढे तू झालीस. तेव्हापासून या घरात सगळे एकुलती एकुलती म्हणत गेलो, आणि तुझी आई ऐकत राहिली.

काल तिनं मुरलीकृष्णाला निरोप पाठवून परत बोलावलं आणि उत्तर बदलून घेतलं. झालेली दोन, असलेलं एक. त्यानंतर जेवली.

आता तुझं. जिवावर बेतत असेल तर सोड आणि निघून ये, मी तुला हुतात्मा व्हायला शिकवलेलं नाही. पण जाणार असलीस तर एकटी जाऊ नकोस, शाळेतलं कुणी सोबत ने. आणि एक गोष्ट तू त्या लोकांना सांगितलीस का? तुझी नोंद पोलिसाला, पालिकेला, मालकाला, कुणालाही दाखवत नाहीत. सांगितली नसलीस तर ते बिचारे घाबरणारच.

भुवनाचा निरोप तिच्याच शब्दांत देते. ती म्हणाली, “त्या लेकुरवाळीला पूस म्हणावं. सासूला नको. मज कोणी पुसलं नव्हतं.”

मला माफ करायचं की नाही ते तू ठरव. तोवर लोभ मागायचा हक्क मला नाही.

विशालाक्षी


दिल्ली, १ मार्च

ती. आईस आणि ती. आत्येस,
हरिणीचा सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र आईजवळ बसून मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस.

तुझं पत्र २५ला मिळालं. मी ते तीनदा वाचलं. खूप रडले, आणि तुझा रागही आला. अजून थोडा आहे. पण तू लिहिलंस, ते बरं केलंस.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांना घेऊन नळावर गेले. घरात पाऊल टाकलंच नाही. मालक सज्जात उभा होता, त्याचा माणूस मोटरसायकलवर. मी नळाशेजारच्या पायरीवर बसले आणि रांगेत आलेल्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगितलं की हे कुणालाही दाखवत नाहीत, मालकालाही नाही. नळ सोडलेला होता. माझ्याशी कोण काय बोलतंय ते वरून ऐकू जाणं शक्य नव्हतं. पहिले सात-आठ जण मान खाली घालून निघून गेले. मला वाटलं, झालं, संपलं.

मग ती उडिया सासू आली, मागे सून. मी सासूला पाणी भरू दिलं आणि सुनेला विचारलं, बाळाला लिहू का, तुमची काय इच्छा. सासू मधे काही बोलायला लागली, तर सुनेनं बादली खाली ठेवली आणि बाळाच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. मुलगी आहे. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, नावाशिवायही लिहिता येतं. ती म्हणाली, नावाशिवाय नको. आणि तिनं तिथेच, नळावर, नाव ठेवलं. ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, पण फार गोड आहे. सासू रागावली नाही. तिनं मला नाव नीट लिहिलंय ना ते दोनदा विचारलं.

मी मनात म्हटलं, लाभ. आणि लिहिलं.

मग बाकीचे यायला लागले. अठ्ठेचाळीस जणं. नऊ जण नाहीच म्हणाले. पाच तारखेपर्यंत फेरतपासणी आहे, त्यांच्याकडे पुन्हा जाईन. मालक खाली आला तेव्हा मी उभी राहिले आणि त्याला सांगितलं की तुमच्या कुटुंबाची अकरा माणसं लिहिली आहेत, तुम्ही सांगितलीत तशी. बाकीची कुटुंबं वेगळी, त्यांची चूल वेगळी. तो म्हणाला, बघून घेईन. बघेलही. परवा तळमजल्यावरचं एक कुटुंब सामान घेऊन गेलं, आपणहून की काढलं ते कळलं नाही, आणि ते मला रोज टोचतंय. हेडसरांनी लेखी खुलासा मागितलाय. कायम होण्याचा कागद टेबलावरच आहे. मोटरसायकल दोन दिवस दिसली नाही.

आई, मी मेमध्ये येते. रमणचा जन्म कोणत्या दिवशीचा, केस कसे होते, तो कुणासारखा दिसायचा, हे मला सगळं सांग. आजवर कुणी विचारलं नाही, मी विचारते. आत्याला रोज माझ्या नावानं एक कापी जास्त दे, तिनं खूप वर्षं हे एकटीनं वाहिलंय. शाळेत नाव घातल्यापासून प्रत्येक अर्जावर मी स्वतःला एकुलती लिहीत आले. या पत्रापासून ते बंद. दोघी जपून राहा, आणि लोभ आम्हा दोघांवर सारखाच असू द्या.

तुमची धाकटी,
हरिणी